लेकराचा कान आणि घरचे गाणे
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी 'लहान मुले आणि संगीत' या विषयावर बोला म्हणून सांगितले, तेव्हा प्रथम आम्ही नाहीच म्हटले. आम्ही बँकेत कारकून. पदवी कला शाखेची. गाण्यातला अधिकार म्हणाल तर व्हाउचरवर शिक्के मारताना जेवढे गुणगुणता येते तेवढाच, आणि तेही शाखाधिकारी केबिनमध्ये नसतील तर. पण चिटणीस म्हणाले, "तुमच्या घरात एक प्रयोग फसला आणि दुसरा चालू आहे. त्यावरच बोला." मग नाही म्हणता आले नाही. आज आम्ही 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणाचे नव्हे. आम्ही म्हणजे आम्ही उभयता. यातल्या निम्म्या चुका आणि निम्म्याहून अधिक शहाणपण सौभाग्यवतींचे आहे.

आमची थोरली मुलगी अकरावीत आहे आणि धाकटा मुलगा अडीच वर्षांचा. दोघांत चौदा वर्षांचे अंतर. बँकेतल्या मित्रांनी याची पुरेशी थट्टा केलेली आहे, तेव्हा आपण केली नाही तरी चालेल. सकाळी महापालिकेची घंटागाडी गाणे वाजवीत कोपऱ्यावर आली की हा धाकटा असेल तिथून उठून खिडकीकडे पळतो, गज धरतो आणि गुडघ्यांत वाकून डोलू लागतो. गाडी पुढच्या गल्लीत गेली की हात पसरून "संपलं" म्हणतो. एक दिवस गाडी आली नाही तर त्यानेच खिडकीत उभे राहून ती चाल म्हटली. शब्द एकही नाही, नुसता चढ-उतार. शेजारच्या काकूंना गाडी आली असे वाटून त्या बादली घेऊन बाहेर आल्या!

आता कोणी म्हणेल, पोर गुणी आहे, गळ्यात गाणे आहे, क्लासला घाला. इथेच थांबायचे आहे. थोरलीच्या वेळी आम्ही थांबलो नव्हतो.

थोरली दोन वर्षांची असताना असेच होते. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा पुढ्यात घेऊन दोन्ही हातांनी बडवायची. आमच्या वडिलांनी एके दिवशी तो डबा तिच्यासमोरून उचलला आणि माळ्यावर टाकला. पोर रडली. आम्हांस राग आला, पण वडिलांपुढे बोलण्याची आमच्या घरी रीत नाही. पुढे केव्हातरी ते स्वतःच बोलले. त्यांच्या वडिलांना, म्हणजे आमच्या आजोबांना, गावकीचे काम म्हणून जत्रेत आणि लग्नाच्या वरातीपुढे हलगी वाजवावी लागे. मोबदला म्हणजे शिळी भाकर आणि तीही वरून टाकलेली. धम्मदीक्षेनंतर त्यांनी ती हलगी चुलीत घातली. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत अशी गोष्ट असेल. गावकीची कामे सोडली तेव्हा वाजवणेही सोडले, आणि ते बरोबरच होते. आम्ही वडिलांना भीत भीत म्हटले, "पण दादा, बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकले होते की." ते म्हणाले, "ते सोतासाठी वाजवत हुते. आम्ही पाटलाच्या वरातीम्होरं वाजवत हुतो." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

डबा गेला, मग पोरगी तोंडाने गाऊ लागली. दिवसभर काही ना काही चालायचे. भांडी घासताना आईच्या पाठीशी, अंघोळीच्या वेळी, झोपेत सुद्धा. आम्हांस वाटले, आपल्या घरात कोणी शिकले नाही, हिला तरी रीतसर शिकवू. चौथ्या वर्षी एका क्लासमध्ये घातले. कुठल्या ते सांगत नाही, कारण दोष क्लासपेक्षा आमचा जास्त होता. रोज ऑफिस सुटल्यावर सायकलवरून घेऊन जायचे, तासभर पेटीसमोर मांडी घालून बसवायचे, घरी आल्यावर पाहुण्यांपुढे "म्हणून दाखव" म्हणायचे. सहा महिन्यांनी वर्गात सर्वांसमोर सांगण्यात आले की ही बेसूर आहे, मागे बसवा. त्या दिवशी घरी येताना ती सायकलच्या दांड्यावर एक अक्षर बोलली नाही. क्लास सुटला. पण त्याबरोबर भांड्यांजवळचे गाणे सुटले, अंघोळीचे सुटले. पुढे शाळेत राष्ट्रगीतालाही ती नुसते ओठ हलवते, असे तिच्या बाईंनी सांगितले. त्याला आता बारा वर्षे झाली.

नंतर वाचनालयात बसून आम्ही काही पुस्तके चाळली, जाणत्या लोकांना विचारले. तेव्हा कळले की चार वर्षांचे मूल बेसूर असते असे म्हणण्यात अर्थच नाही. दोन-अडीच वर्षांचे मूल गाण्याचा आकार पकडते, म्हणजे चाल कुठे वर जाते, कुठे खाली येते, कुठे थांबते. नेमका सूर गळ्यातून निघायला सहा-सात वर्षे लागतात, कित्येकांना त्याहूनही अधिक. कानाला आधी कळते, गळ्याला मागाहून जमते. शिवाय मोठ्या माणसाच्या पट्टीतले खालचे सूर लहान मुलाच्या गळ्यात उतरतच नाहीत. त्याचा आवाज आपल्यापेक्षा वरचा आणि पल्ला अगदी लहान, चार-पाच सुरांचा. आपण आपल्या पट्टीत गायचे आणि त्याला चुकला म्हणायचे, हे म्हणजे बँकेच्या उंच काउंटरसमोर बुटक्या म्हातारीला उभे करून सही का करत नाहीस म्हणण्यासारखे आहे. असे काउंटर आम्ही पाहिलेले आहेत.

कान मात्र फार लवकर तयार होतो. आईच्या पोटात सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाला ऐकू येऊ लागते. जन्मल्यावर पहिल्या तीन दिवसांतच ते आपल्या आईचा आवाज इतर बायांच्या आवाजातून वेगळा ओळखते, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९८० साली दाखवून दिले. हंगेरीत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ठेका ऐकवला आणि मध्येच समेचा ठोका गाळला. बाळांच्या मेंदूने ती चूक टिपली! म्हणजे ज्याला मान धरता येत नाही त्याला ठेका चुकलेला समजतो.

हे ऐकून कोणी लगेच बाजारात धावू नये. आमच्या काउंटरवर एक खातेदार आले, नवीन नातू झाला म्हणून पेढे दिले आणि विचारले, "साहेब, बुद्धी वाढवायचं ते विलायती म्युझिक कुठं मिळतं?" या समजुतीची कुळकथा सांगण्यासारखी आहे. १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटा निबंध आला. मोत्झार्टचे संगीत दहा मिनिटे ऐकल्यावर छत्तीस विद्यार्थ्यांनी आकृत्यांची कोडी थोडी बरी सोडवली. हे विद्यार्थी महाविद्यालयातले, तान्ही बाळे नव्हेत. आणि तो परिणामही दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. पण गोष्ट अशी पसरली की १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी अभिजात संगीताचे ध्वनिमुद्रण पाठविण्यासाठी सरकारी पैसा मागितला. तेव्हापासून बाळाच्या बुद्धीच्या नावावर किती माल खपला असेल याचा हिशेब आम्ही कारकून असूनही करू शकत नाही. मुलाला गाणे द्यायचे ते गाण्यासाठी द्यावे. गणित सुधारेल म्हणून नव्हे.

मोबाईलचेही तेच. पोर जेवत नाही म्हणून हातात गाणी लावून देतात. डोळे पडद्याला चिकटतात आणि तोंडात घास कोंबला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की पहिल्या दोन वर्षांत पडदा दाखवूच नये आणि त्यानंतरही दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, जितका कमी तितका बरा. आम्ही यात सोवळे नाही. सौ. आजारी असताना आम्हीही मोबाईलच दिला होता. पण तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मोबाईलमधले गाणे मुलासाठी थांबत नाही. आई गाताना मूल हसले की आई तीच ओळ पुन्हा म्हणते. ते जांभई देऊ लागले की आवाज खाली आणते. ते मध्येच "आ" करते, आई त्या "आ"ला जागा देते. ही देवाणघेवाण यंत्राला जमत नाही.

आणि ही देवाणघेवाण आपल्या बायाबापड्यांना कोणी शिकवावी लागली नव्हती. पहाटे जात्यावर बसायचे, मांडीवर लेकरू, हातात खुंटा. जात्याच्या फेऱ्याला ओवी जुळलेली, आणि ते लेकरू त्या हेलकाव्यातच झोपलेले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी त्या म्हटल्या आहेत. आता २०१७ पासून हे भांडार 'परी' या संस्थेमार्फत सर्वांसाठी खुले झाले आहे. विद्यार्थी मित्रांनी ते जरूर ऐकावे. वामनदादा कर्डक शाळेत गेले नव्हते, अक्षर ओळखायला मोठेपणी शिकले, आणि तरी त्यांची गाणी गावोगाव गेली. प्रल्हाद शिंदे लहानपणी आई-वडिलांबरोबर गात फिरले. पुढे आनंद आणि मिलिंद, त्यानंतर आदर्श, असे ते गाणे घरातच एका पिढीकडून दुसरीकडे आले. आपल्या वस्तीतही १३ एप्रिलच्या रात्री बाया विहारात जमून भीमाचा पाळणा म्हणतात. जाते गेले, पाळणा वर्षातून एकदा उरला. रोजचा कुठे गेला?

या कोल्हापूर शहरात गाण्याला कधीच तोटा नव्हता. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला. देवल क्लब १८८३ सालचा. गोव्याच्या केसरबाई केरकर आठेक वर्षांच्या असताना इथे येऊन अब्दुल करीम खाँसाहेबांकडे काही महिने शिकल्या. पुढे त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. १९७७ साली सोडलेल्या 'व्हॉयेजर' यानांतून पृथ्वीचे जे आवाज अंतराळात पाठवले, त्यांत भारतातून केसरबाईंचा आवाज आहे. हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी वहीत टिपून ठेवावे. आणि केशवराव भोसले तर इथलेच, जन्म ९ ऑगस्ट १८९०. वडील गेले, घरी हलाखी, म्हणून अगदी कोवळ्या वयात आईने नाटक कंपनीत ठेवले. ते मूल हौसेने गायले की पोटासाठी, कोणी विचारले? अवघे एकतीस वर्षांचे आयुष्य. त्यांच्या नावाचे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, जळाले, तेव्हा आमच्या शेजारचा एक रिक्षावाला रस्त्यावर बसून रडला. गावाचे गाण्यावर असे प्रेम आहे. पण मोठ्या कलावंतांची बालपणे सांगून आपल्या पोरांना घाई लावू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यांच्यातल्या अनेकांना बालपण परवडलेच नाही. आपल्याला बऱ्यापैकी परवडते.

सोणाची गोष्ट आपण विहारात अनेकदा ऐकली आहे. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. साधनेत त्याने इतका ताण घेतला की पाय रक्तबंबाळ झाले. तेव्हा भगवंतांनी त्याला त्याच्याच वीणेचा दाखला दिला. तार फार ताणली तर सूर लागत नाही आणि फार सैल सोडली तरीही नाही. ती गोष्ट आम्ही कितीदा ऐकली असेल. आपल्या सायकलच्या दांड्यावर बसलेल्या पोरीसाठीही ती आहे, हे मात्र कळले नाही.

धाकट्याच्या बाबतीत आम्ही काय करतो ते विचाराल तर फारसे काही करत नाही. संध्याकाळी दिवेलागणीला अर्धा तास दूरदर्शन संच बंद. सौ. चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, तिला येतील ती दोन-तीन गाणी म्हणते, रोज तीच. आपल्याला कंटाळा येतो, मुलाला येत नाही. त्याला पुढे काय येणार हे माहीत असते, त्यातच त्याचा आनंद असतो. कधी ओळीचा शेवटचा शब्द ती गाळते आणि तो भरतो. आम्ही आमच्या भसाड्या आवाजात साथ करतो. मुलाला आपला आवाज कसा आहे याची पर्वा नसते, हा आमचा अनुभव. घरात पत्र्याचा डबा आहे, लाकडी उलथने आहे, तांदूळ भरून तोंड पक्के चिकटवलेली बाटली आहे. "नीट वाजव" असे कोणी म्हणत नाही. पाहुण्यांपुढे म्हणायला लावत नाही. आणि तो नको म्हणाला की बंद.

एक गोष्ट मात्र कडक पाळतो, आणि ती येथे बोलताना काहींना रुचणार नाही याची कल्पना आहे. आम्ही त्याला डॉल्बीसमोर नेत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत नाही, आणि आपल्या जयंतीच्या मिरवणुकीतही नाही. गेल्या जयंतीला आम्ही स्वतः पाहिले, बाप दोन वर्षांचे लेकरू खांद्यावर घेऊन स्पीकरच्या भिंतीसमोर नाचत होता आणि ते लेकरू दोन्ही कानांवर हात ठेवून रडत होते. मोठ्या माणसाने आठवड्याला चाळीस तास ऐकायचे तर आवाज ८० डेसिबलपर्यंत असावा आणि मुलांसाठी ७५, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आवाज शंभरावर गेला तर मोठ्या माणसाची आठवड्याभराची मर्यादा वीसेक मिनिटांत संपते. आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसाळ पेशी ऐकतात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीतली दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. हे आम्ही पोलिसांसाठी सांगत नाही. ज्या कानाने आईचा आवाज पहिल्या तीन दिवसांत ओळखला त्या कानासाठी सांगतो. आणि हाक मारल्यावर मूल वळत नसेल, मागून वाजलेल्या डब्याला दचकत नसेल, तर "उशिरा बोलणारे आहे" म्हणून वाट पाहू नये. सरकारी रुग्णालयात कानाची तपासणी होते. ती लगेच करून घ्यावी.

वडील आज शहात्तर वर्षांचे आहेत. नातू डबा बडवू लागला की ते अजूनही उठून बाहेर कट्ट्यावर जातात. पण डबा काढून घेत नाहीत.

आणि थोरली. गेल्या पावसाळ्यात रात्री वीज गेली होती. सौ. कामात, धाकटा रडत होता. आतल्या खोलीतून आवाज आला. आम्ही दोघे स्वयंपाकघरात जागच्या जागी थांबलो. ती त्याला थोपटत गात होती, तेच आईचे गाणे, अगदी हळू. एका ठिकाणी सूर सुटला, तिने तो पुन्हा धरला. वीज आली तेव्हा ती थांबली. आम्ही काही विचारले नाही, तिने काही सांगितले नाही. त्यानंतर तीन-चार वेळा असे झाले आहे, आणि दर वेळी आम्हांस कसले तरी काम आठवते आणि आम्ही बाहेर जातो.

शेवटी कार्यकारिणीकडे एक विनंती आहे. आपल्या विहारात संस्थेची एक पेटी आणि तबल्याची जोडी आहे. देणगीतून आली, चांगली आहे. ती कपाटात कुलपात असते आणि बुद्धपौर्णिमा व १४ एप्रिल या दोन दिवशीच बाहेर निघते. दर रविवारी सकाळी वंदनेनंतर ते कपाट तासभर उघडे ठेवावे. शिकवायला कोणी नको, नुसते मांडून ठेवावे. ज्यांची लेकरे लहान आहेत त्यांनी घेऊन यावे. पोरे पट्ट्या दाबतील, भाता ओढतील, तबल्यावर थापा मारतील. काही मोडले तर दुरुस्तीचा खर्च आम्ही देऊ, मिरजेपर्यंत नेऊन आणायचे कामही करू. पुढच्या रविवारी आम्ही धाकट्याला घेऊन साडेनऊला येतो. किल्ली खजिनदारांकडे आहे, त्यांनी तेवढी बरोबर आणावी.

जय भीम.